नाणें आधीं कीं देणें आधीं?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



पैसा हा विषय सभेंत बोलण्याचा नव्हे, वहींत लिहिण्याचा आहे, असें आपणांस पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत आलें. आणि वही तर आपल्या हातीं कधीं दिलीच नाहीं. म्हणूनच आज आम्ही मुद्दाम याच विषयावर बोलणार आहों. अर्थशास्त्र म्हणून एक शास्त्र कॉलेजांतून शिकवितात. त्याच्या पहिल्या कांहीं धड्यांतच पैसा कसा जन्मास आला याची एक गोष्ट असते. गोष्ट सोपी आहे, पोरालाही कळेल अशी आहे. फक्त ती खरी नाहीं, एवढाच तिच्यांत दोष आहे.

ती गोष्ट अशी. स्कॉटलंडांतील ॲडम स्मिथ या विद्वानानें १७७६ सालीं राष्ट्रांच्या संपत्तीवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत तो म्हणतो कीं, नाणें नव्हतें तेव्हां माणसें वस्तूला वस्तु देऊन व्यवहार करीत. पण त्यांत अडचण फार. खाटकापाशीं खाऊन उरलेलें मांस आहे. पाववाल्याला तें हवें आहे. पण पाववाल्यापाशीं पावाखेरीज देण्यास कांहीं नाहीं, आणि खाटकाच्या घरीं आज पाव पुरेसा आहे. झालें, सौदा मोडला. ही अडचण टाळण्यासाठीं शहाणीं माणसें सर्वांना हवीशी वाटेल अशी एखादी वस्तु जवळ बाळगूं लागलीं. कोठें मीठ, कोठें कवड्या, कोठें सुकी मासळी. पुढें सोनें-रुपें आलें, त्यावर सरकारी छाप बसला, आणि पैसा झाला.

पुढें जेव्हन्स नांवाच्या इंग्रज पंडितानें १८७५ सालीं पैशावर एक पुस्तक काढलें. त्यांत या अडचणीची एक मौजेची हकीकत आहे. पॅरिसची एक गाणारी बाई पॅसिफिक महासागरांतील बेटांवर गेली. गाण्याच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा तिला मिळावयाचा होता. तो मिळालाही, पण कसा? ३ डुकरें, २३ टर्की पक्षी, ४४ कोंबड्या, ५,००० नारळ, आणि वर केळीं, लिंबें, संत्रीं! बाई एकटी खाणार किती? शेवटीं फळें डुकरांना व कोंबड्यांना चारण्याची पाळी आली. हें वाचून आम्हांसही हंसूं आलें. मात्र १८७५ हें साल लक्षांत ठेवा; पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां ही गोष्ट आपण आपल्या गांवांत आणून पाहूं. ज्येष्ठाचा महिना आहे, पाऊस तोंडावर आला आहे, आणि कुणब्याच्या नांगराचें रुमणें मोडलें. घरांत बियाण्याखेरीज दाणा नाहीं. स्मिथसाहेबांच्या हिशेबानें सुतारानें म्हणावयास पाहिजे कीं, "आधीं धान्य आण, मग रुमणें घे. धान्य नसेल तर नीघ." पण असें कोणत्या गांवांत घडलें? सुतार वाकस उचले, रुमणें बसवून देई, आणि कुणबी नांगर घेऊन शेताला जाई. त्या दिवशीं पैसा हालला नाहीं, वस्तूला वस्तुही मिळाली नाहीं. पण कांहीं तरी निर्माण झालें खास. तें होतें देणें. पीक खळ्यावर आल्यावर सुतार खळ्यावर उभा राही आणि आपला वांटा घेई. लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, कोळी, मुलाणी, सर्वांचें असेंच. यादी गांवोगांव थोडी बदले. थोरली कास, मधली कास, धाकटी कास अशा त्यांच्या पायऱ्या असत व त्याप्रमाणें पेंढ्यांचा वांटा कमीजास्त होई. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं "गांवगाडा" या पुस्तकांत या सर्व व्यवस्थेचें वर्णन केलें आहे. त्याच खळ्यावर जोशीबुवाही आपला वांटा घेण्यास येत. त्यांनीं कोणाचें रुमणें बसविलें होतें हें विचारण्याची चाल नव्हती.

सांगण्याचें तात्पर्य, बलुतें म्हणजे अदलाबदल नव्हे. अदलाबदल ही हातोहात होते आणि तेथल्या तेथें संपते. बलुतें वर्षभर चाले आणि कधींच संपत नसे. आज मी तुझें केलें, पुढें तूं माझें करशील, ही आठवण सगळ्या गांवानें मिळून धरलेली असे.

मग अदलाबदल कोठें होते? जेथें माणसें एकमेकांस ओळखत नाहींत, पुन्हां भेटण्याची खात्री नसते, तेथें. आमच्या मायभगिनींना याचें उदाहरण सांगावयास नको. बोहारीण दारीं येते. दोन जुनीं लुगडीं आणि एक विजार पुढें टाकली कीं ती पातेलें काढते. बाई म्हणते मोठें दे, बोहारीण म्हणते आणखी एक कपडा टाक. अर्धी दुपार घासाघिशींत जाते. ही खरी अदलाबदल. पण अशी घासाघीस शेजारणीशीं कोणी करतें काय? शेजारीण वाटीभर साखर मागते, आपण देतों, आणि वाटी रिकामी परत येत नाहीं.

हें आम्हीच म्हणतों असें नव्हे. मिचेल इन्स यानें १९१३ सालीं लेख लिहून दाखविलें कीं, व्यवहाराचें मूळ नाण्यांत नसून उधारींत आहे. केंब्रिजच्या कॅरोलाइन हंफ्री या मानवशास्त्रज्ञ बाईंनीं १९८५ सालीं सांगितलें कीं, निव्वळ अदलाबदलीवर चालणारा आणि त्यांतून पैसा जन्मास आलेला असा एकही समाज कोणास आढळलेला नाहीं. डेव्हिड ग्रेबर यानें २०११ सालीं कर्जाच्या पांच हजार वर्षांच्या इतिहासावर जाडजूड पुस्तक लिहून हेंच पुन्हां मांडलें. उलट, पैसा वापरून सरावलेलीं माणसें पैशाला मुकलीं म्हणजे अदलाबदल सुरू होते. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांच्या कैदी छावणींत राहिलेल्या रॅडफर्ड नांवाच्या गृहस्थानें १९४५ सालीं लिहिलें आहे कीं, तेथें सिगारेटींवर सर्व बाजार चाले. पावाची किंमत सिगारेटींत, साबणाची किंमत सिगारेटींत. पण ते कैदी आधींपासून बाजार पाहिलेले लोक होते.

कोणी म्हणेल, पंडितांची चूक पंडित निस्तरतील, आपणांस काय त्याचें? आपणांस त्याचें फार आहे. गोष्ट खोटी सांगितली कीं तिच्यांतून एक माणूस अदृश्य होतो. अदलाबदलीच्या गोष्टींत दोन माणसें समोरासमोर उभीं, दोघेही सारखे, दोघेही मोकळे. त्यांत सावकार नाहीं, कुलकर्णी नाहीं, सरकार नाहीं.

याचा उत्तम दाखला खुद्द स्मिथच्याच पुस्तकांत आहे. तो सांगतो कीं, स्कॉटलंडांतील एका गांवीं कारागीर पैशाऐवजीं खिळे घेऊन पाववाल्याच्या व दारूवाल्याच्या दुकानीं जातात. स्मिथला वाटलें, पहा, खिळे हाच तेथला पैसा! इन्सनें याची फोड केली आहे. ते खिळे करणारे लोक गरीब होते. लोखंड दुसऱ्याचें, खिळे होईपर्यंत खाण्यापिण्यास दुकानदाराकडून उधार, आणि खिळे झाले म्हणजे त्या उधारींत भरावयाचे. म्हणजे खिसा भरून खिळे घेऊन बाजार करणारा तो कोणी स्वतंत्र गिऱ्हाईक नव्हता. तो वहींत अडकलेला माणूस होता. स्मिथला खिळे दिसले, वही दिसली नाहीं.

आपल्यापैकीं बिडी वळणाऱ्या बायांनीं हें नीट ऐकावें. पान व तंबाखू कारखानदाराची, तोलून दिलेली. बिड्या वळून नेल्या कीं मोजणारा मुठीमुठीनें छाट काढणार. छाट बिडीची मजुरी नाहीं, आणि बिडी मात्र परत नाहीं. वर पान कमी भरलें म्हणून कापणी. मागावर मजुरीनें विणणाऱ्याचेंही तेंच. सूत व्यापाऱ्याचें, लुगडें व्यापाऱ्याचें, आणि दोहोंच्या मध्यें विणकराचें पोट. ऊसतोडीला जाणारें जोडपें दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतें व पट्टा पडेपर्यंत ती फेडीत बसतें. फिटली नाहीं तर पुढच्या सालावर. हीं सर्व माणसें त्या स्कॉटलंडच्या खिळेवाल्याचीं भावंडें आहेत.

पण म्हणून कोणी असें समजूं नये कीं, पूर्वीचा पैशाविणा गांव म्हणजे रामराज्य होतें. अलीकडे शहरांतील कांहीं सज्जन बलुत्याचें फार गोड वर्णन करतात. त्यांना एकच विचारावें: खळ्यावर शेवटीं कोण उभा राही? ज्याच्या हातीं खळें, त्याच्या हातीं बलुतेदाराचें पोट. महारानें वर मान केली, ढोर ओढण्यास नकार दिला, कीं गांव एक होऊन त्याचें बलुतें बंद करी. त्या बलुत्यासाठीं रात्रंदिवस सरकारी व गांवकी काम. मोबदला वतनाची तुटपुंजी जमीन आणि गांवाच्या मर्जीचे दाणे. डॉ. आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें, त्यांत बलुत्याच्या ऐवजीं रोख पट्टी बसवून ती सरकारनें सारावसुलीबरोबर गोळा करून द्यावी अशी तजवीज होती. कां? रोख रक्कम मोजतां येते, तिच्यावर दावा सांगतां येतो, ती देतांना पायरीखालीं उभें करतां येत नाहीं. करवीरांत शाहू छत्रपतींनीं त्याआधींच, १९१८ सालीं, महार वतनें खालसा केलीं होतीं, आणि कुलकर्ण्यांचीं वतनें काढून पगारी तलाठी नेमले होते. बाकीच्या मुलुखांत कनिष्ठ वतनें नाहींशीं होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. रुपयाला जात विचारतां येत नाहीं, हा त्याचा गुण मोठा आहे. तो आम्ही नाकारीत नाहीं. आमच्या कुणबी बंधूंना हें कडू लागेल. पण सावकाराच्या वहीबद्दल बोलावयाचें आणि स्वतःच्या खळ्याबद्दल गप्प बसावयाचें, हें सत्यशोधकाला शोभत नाहीं.

आतां रुपया कुणब्याच्या घरांत शिरला कसा तें पाहूं. तो बाजाराच्या वाटेनें आला असें पुस्तक सांगतें. आमच्या मुलुखांत तो मुख्यतः साऱ्याच्या वाटेनें आला. पूर्वींच्या राजवटींतही सारा कांहीं धान्यांत, कांहीं रोख असा घेत. पण साल बुडालें तर सूट मागतां येई, वाटाघाट होई. इंग्रजांनीं १८३६ सालीं इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट या अंमलदारांची पाहणी लागू केली. शेताशेतावर आकार बसला. तीस वर्षें ठरीव. आणि भरावयाचा तो रोख, ठरल्या हप्त्याला. दरसाल पीक पडो वा न पडो, आकडा हालावयाचा नाहीं. सरकारला ज्वारी नको, रुपया पाहिजे. आणि रुपया कुणब्याच्या शेतांत पिकत नाहीं. सर्वांचा हप्ता एकदम, म्हणून सर्वांची ज्वारी बाजारांत एकदम, म्हणून भाव पडलेला. उरलेल्या रकमेला सावकार. अशी ही सांखळी आहे. यांत कोणीही मोकळेपणीं अदलाबदल करावयास बसलेला नाहीं.

सावकार कोणत्या जातीचा होता यावर पुष्कळ भांडण झालें आहे. आमच्या मतें तें गौण आहे. मुख्य गोष्ट ही कीं, लिहिणारा एक आणि अंगठा करणारा दुसरा. जुने रोखे पाहा. कुणब्याच्या नांवापुढें सहीच्या जागीं "निशाणी नांगर" असें लिहिलेलें असे, आणि तो नांगरही बहुधा लिहिणाराच काढी! त्यांत १८५९ सालीं मुदतीचा कायदा आला. रजिस्टर न केलेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आंत दावा केला पाहिजे, असा नियम झाला. हेतु ऋणकोच्या बचावाचा; झालें उलटें. सावकार दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घेऊं लागला. याचा हिशेब आपण येथेंच करून पाहूं. शंभर रुपये, दरमहा दर शेंकडा दोन व्याज. तीन वर्षांनीं १७२ चा रोखा. सहा वर्षांनीं सुमारें २९६ चा. नऊ वर्षांनीं सुमारें ५०९ चा. घरांत आले होते शंभरच. बाकीचे चारशेंनऊ रुपये कोणत्याही टांकसाळींत पाडले नव्हते. ते बोरूनें पाडले होते.

मध्यंतरीं १८६१ ते १८६५ अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तिकडचा कापूस बंद पडला, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि सावकार आपण होऊन कर्ज देऊं लागला. युद्ध संपलें, भाव कोसळला, कर्ज राहिलें. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत भरून साऱ्याची नवी आकारणी वाढून आली. आणि १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें बाजाराच्या दिवशीं रयत उठली. दंगा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. पण लोकांनीं काय जाळलें? रोखे आणि दस्तऐवज. माणसांच्या अंगाला हात फारसा लागला नाहीं. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें पुढें टाकले तेथें बहुधा काम तेवढ्यावर भागलें. लक्षांत ठेवावयास सांगितलें होतें तें साल हेंच. तिकडे जेव्हन्ससाहेब त्या गाणाऱ्या बाईच्या कोंबड्या मोजीत होते, आणि त्याच वर्षीं इकडे ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा कुणब्यांना पैसा कोठें राहतो हें बरोबर ठाऊक होतें. तो थैलींत राहत नाहीं, कागदांत राहतो.

त्यानंतर चौकशी कमिशन बसलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. कोर्टानें नुसता रोखा न पाहतां व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब काढावा, सावकारानें पावती व खात्याचा उतारा द्यावा, कर्जापायीं कैद नसावी, अशीं त्यांत कलमें होतीं. कायदा पुरेसा होता असें आम्ही म्हणत नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं "शेतकऱ्याचा असूड" पुरा केला, तेव्हांही कुणब्याची स्थिति काय होती तें त्यांतच पाहावें. पण वही उघडण्याचा हक्क कायद्यानें मान्य झाला, ही गोष्ट लहान नव्हती.

आतां एक बारीक मुद्दा राहिला; तो थोडा अवघड आहे, पण आपल्या कामाचा आहे. समजा, तुम्हीं दहा पायल्या ज्वारी देणें लागतां. देण्याच्या दिवशीं धनको मोठी पायली घेऊन आला. म्हणतो, दहाच पायल्या मोज, मी कोठें अकरा मागतों? तुम्हीं त्याचा हात धराल. रुपयाचें मात्र असें होतें तेव्हां कोणी हात धरीत नाहीं, कारण रुपया वाढला कीं आटला हें डोळ्यांना दिसत नाहीं. डॉ. आंबेडकर यांचें रुपयाच्या प्रश्नावरील पुस्तक १९२३ सालीं लंडनला प्रसिद्ध झालें. त्यांत त्यांनीं आग्रहानें सांगितलें आहे कीं, रुपयाची परदेशी हुंडणावळ स्थिर ठेवून भागत नाहीं, त्याची घरची खरेदीशक्ति स्थिर पाहिजे. पुढें १९२७ सालीं सरकारनें रुपया अठरा पेन्सांना बांधला. सोळा पेन्स ठेवा, नाहीं तर शेतमालाचे भाव पडतील, अशी हाकाटी झाली; ती सरकारनें मानली नाहीं. मागून १९२९ ची जागतिक मंदी आली, आणि दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानांत शेतमालाचे भाव निम्म्याच्या जवळपास आले. सारा तोच, कर्जाचा आकडा तोच. म्हणजे पूर्वीं दोन पोत्यांत फिटणाऱ्या देण्याला आतां जवळजवळ चार पोतीं. मोठी पायली ती हीच. त्या वर्षांत खेड्यापाड्यांतून बायांच्या अंगावरचें सोनें उतरून मुंबईच्या वाटेनें परदेशीं गेलें.

आणि जुन्याच काळाच्या गोष्टी कशाला? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. देशांत फिरणाऱ्या नोटांच्या किंमतीपैकीं शेंकडा ८६ भाग एका रात्रींत निकामी. सहाच दिवसांनीं जिल्हा सहकारी बँकांना त्या नोटा घेण्याची बंदी झाली, म्हणजे शेतकऱ्याचें खातें जेथें, तेंच दार बंद. ऐन रब्बीच्या पेरणीचे दिवस. पुस्तकांतील गोष्ट खरी असती तर त्या महिन्यांत लोकांनीं डाळ देऊन साबण आणि साबण देऊन खत घेतलें असतें. तसें झालें काय? किराणावाल्यानें उधार मांडलें. कृषि-दुकानदारानें बियाणें खात्यावर दिलें. मजुरांना चिठ्ठ्या मिळाल्या, किंवा नुसता वायदा. नाणें गेलें, तेव्हां त्याच्या खालून देणेंच वर आलें. ज्याची पत होती त्याचें निभावलें. ज्याला दुकानदार ओळखत नव्हता, त्या परगांवच्या मजुराचे मात्र हाल झाले. आणि उधारीचा भाव रोखीपेक्षां चढा लागला, हें ज्यांनीं भरलें त्यांना ठाऊक आहे.

आज नोटाही कमी दिसतात. फोनवर टिंग वाजलें कीं पैसे गेले. पैसा म्हणजे वहींतील नोंद, हें आतां उघडच झालें आहे. तेव्हां प्रश्न इतकाच उरतो कीं नोंद कोण करतो आणि ती आपल्याला वाचतां येते कीं नाहीं. ऊस कारखान्यावर गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे असा १९६६ चा ऊस-नियंत्रण हुकूम सांगतो. उशीर झाला तर वर व्याज. येथें बसलेल्यांपैकीं किती जणांनीं वजनाच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत? हात वर करा. ... सहा. ठीक आहे.

म्हणून आमच्या मंडळीनें असें ठरविलें आहे कीं, येत्या रविवारपासून दर रविवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर शाळेच्या पडवींत हिशेब वाचण्याचा वर्ग भरवावा. फी नाहीं. ऊसवाल्यांनीं वजनाच्या पावत्या व बँकेचें पुस्तक आणावें. बिडीवाल्या बायांनीं मजुरीचें कार्ड आणावें व गेल्या आठवड्याची छाट किती निघाली तें आठवून यावें. ज्यांनीं मुकादमाकडून उचल घेतली आहे त्यांनीं कागद असेल तर कागद, नसेल तर तोंडी आकडा आणावा, तो आम्ही त्यांच्यासमोर लिहून काढूं. न्हावी, सुतार, कुंभार मंडळींची गांवाकडे राहिलेली बाकीही त्यांतच मांडूं. तेव्हां कुणबी बंधूंनीं त्या रात्रीं मुद्दाम गैरहजर राहूं नये. कंदील नको, वीज आहे. पेन्सिल मात्र घरून आणावी.